मान्यतेचा निकाल विरुद्ध गेला तर नागपूर खंडपीठ नेमके काय तपासते?

औद्योगिक न्यायालयाने युनियनच्या मान्यतेचा, म्हणजे कामगारांच्या वतीने मालकाशी एकटीने वाटाघाटी करण्याच्या हक्काचा, अर्ज फेटाळला, की गेटवरच्या चहाच्या टपरीवर पहिले वाक्य ठरलेले असते : "चला नागपूरला, हायकोर्टात परत मोजून घेऊ." गैरसमज इथूनच सुरू होतो. हायकोर्टात कोणी पावतीपुस्तके उघडून सभासद मोजत बसत नाही. खालच्या न्यायालयाने मोजणी कायद्याने सांगितलेल्या रीतीने केली का, दोन्ही बाजूंना बोलू दिले का, निकालाला काही पुरावा आहे का, एवढेच तिथे पाहतात. त्यामुळे याचिका टिकेल की पडेल हे बहुतेक वेळा याचिका लिहिण्याच्या कितीतरी आधी, अर्ज टाकण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत ठरून गेलेले असते.

आधी कायदा कोणता ते पाहा. विदर्भात हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. महाराष्ट्रात मान्यतेचा मुख्य कायदा १९७१ चा आहे. त्याचे लांबलचक सरकारी नाव कोणी घेत नाही, सगळे त्याला एमआरटीयू-पल्प म्हणतात. तो ८ सप्टेंबर १९७५ पासून लागू झाला. ज्या उद्योगासाठी राज्य सरकार हे 'समुचित सरकार' आहे, म्हणजे ज्याचे कामगार विवाद राज्याच्या कक्षेत येतात, तिथेच तो चालतो. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या कोळसा खाणी, भंडारा-नागपूरच्या मँगनीज खाणी, भंडारा आणि भद्रावतीचे आयुध निर्माणी कारखाने, रेल्वे ही सगळी केंद्राची कक्षा. तिथे या कायद्याखाली मान्यतेचा अर्ज टाकला, तर वर्ष-दोन वर्षे पेशीवर पेशी होऊन शेवटी 'अधिकारक्षेत्र नाही' एवढाच निकाल हाती येतो. सिमेंट केंद्राने नियंत्रित उद्योग म्हणून अधिसूचित केलेले असल्याने तिथेही हा वाद निघतो. सूतगिरणीची वाट आणखी वेगळी. कापड उद्योगाला १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम लागतो, आणि जिथे तो लागू आहे तिथे १९७१ च्या कायद्यातले मान्यतेचे प्रकरण लागत नाही. त्या जुन्या कायद्यात 'प्रातिनिधिक युनियन' व्हायला तीन महिने २५ टक्के सभासद लागतात आणि अर्ज निबंधकाकडे जातो.

उरले सोयाबीन तेलाचे प्लांट, डाळ मिल, राइस मिल, संत्र्यावर प्रक्रिया करणारे कारखाने, एमआयडीसीतली लहान-मोठी फॅब्रिकेशनची शेड. इथे १९७१ चा कायदा चालतो. अट एकच, मागच्या बारा महिन्यांत एखाद्या तरी दिवशी ५० किंवा जास्त कामगार कामावर असले पाहिजेत.

आता मोजणी. कलम ११ म्हणते, अर्ज ज्या महिन्यात टाकला त्याच्या लगेच आधीच्या सहा कॅलेंडर महिन्यांत, पूर्ण काळ, युनियनचे सभासद एकूण कामगारांच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी नसावेत. समजा, वाशीमकडच्या एखाद्या तेलाच्या प्लांटमध्ये २४० कामगार आहेत. ३० टक्के म्हणजे ७२. अर्ज डिसेंबरात टाकला तर जून ते नोव्हेंबर हे सहा महिने धरले जातात. पाच महिने ८५ सभासद आणि एका महिन्यात ७० असतील, तर सरासरी काढून भागत नाही. 'पूर्ण काळ' या दोन शब्दांवर अर्ज पडतो.

नेमके हेच सहा महिने आपल्याकडे सर्वांत वाईट. जूनमध्ये मृगाचा पाऊस पडला की निम्मे कामगार पेरणीला गावी असतात. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी. वर्गणी गोळा करणारा पगाराच्या दिवशी गेटवर उभा राहतो खरा, पण समोर माणूसच नसतो. मग दिवाळीनंतर सहा महिन्यांची वर्गणी एकदम घेऊन सहा पावत्या एकाच पेनने, एकाच बसणीत फाडल्या जातात. तपासणीत हे पहिल्या नजरेत उघडे पडते, आणि कायद्यातही त्याला जागा नाही. 'सभासद' या शब्दाच्या व्याख्येत दरमहा किमान ५० पैसे वर्गणी सांगितली आहे. ज्या महिन्याची वर्गणी त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत भरली नाही, तो महिना थकलेला धरतात. मागच्या सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त महिने थकले, तर तो माणूस सभासदच धरला जात नाही. म्हणजे तीन महिन्यांपर्यंतची थकबाकी कायदा चालवून घेतो, पण उशिरा एकदम पैसे भरून चौथा महिना सांधता येत नाही.

म्हणून जाणती युनियन अर्ज जूनमध्ये टाकते. तेव्हा डिसेंबर ते मे हे महिने धरले जातात. शेतीची गर्दी कमी, प्लांट चालू आणि हातात पैसा. एक अडचण मात्र या काळातही राहते. गाळपाच्या हंगामात मालक तात्पुरती माणसे भरतो आणि एकूण आकडा फुगतो. २४० चे ३१० झाले, तर ३० टक्के म्हणजे ९३. काठावर ७५ सभासद घेऊन अर्ज टाकणाऱ्याला ते झेपत नाही. किमान वीस-पंचवीस माणसांची ढील हवीच.

एकूण कामगारांत कोण धरायचे, यावर सर्वांत जास्त भांडण होते. सुपरवायझर आणि व्यवस्थापनातले लोक वगळायचे, यावर फारसा वाद नसतो. वाद ठेकेदाराच्या माणसांवर. युनियन म्हणते ते आमचेच, मालक म्हणतो ते ठेकेदाराचे. २००१ मध्ये सिप्ला कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मालक-कामगार हे नातेच वादात असेल तर ते आधी दुसऱ्या मंचावर ठरवून घ्या, या कायद्याखालच्या तक्रारीत ते ठरणार नाही. तो निकाल मान्यतेच्या अर्जातला नाही, मालकाच्या अनुचित कामगार प्रथेविरुद्धच्या तक्रारीतला आहे. तरी मान्यतेच्या अर्जातही मालकाचा वकील तोच पुढे करतो. माथाडी मंडळात नोंद असलेल्या हमालांचा हिशोब १९६९ च्या वेगळ्या कायद्याने चालतो. त्यांची नावे यादीत घातली तर विरोधी युनियनला आयते कोलीत मिळते. यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. अर्जासोबत दोन तक्ते द्या. एकात फक्त कंपनीच्या मस्टरवरचे (हजेरीपटावरचे), दुसऱ्यात ठेकेदाराचे धरून. दोन्हींत ३० टक्के भरत असतील तर तो वाद तिथेच संपतो.

अर्ज आला की औद्योगिक न्यायालय इतर युनियन, मालक आणि कामगार यांना नोटीस काढते. दुसऱ्या युनियनने आपला दावा मांडला आणि तिचे सभासद जास्त निघाले, तर मान्यता तिला मिळते. आधी अर्ज टाकला म्हणून पहिला हक्क मिळत नाही. याशिवाय दोन दरवाजे कायमचे बंद आहेत. अर्ज कामगारांच्या हितासाठी नसून मालकाच्या सोयीसाठी असेल तर मान्यता नाही. तसेच अर्जाआधीच्या सहा महिन्यांत युनियनने बेकायदा संपाला चिथावणी किंवा मदत केली असेल तरी नाही. कार्यकारिणीची बैठक किमान तीन महिन्यांतून एकदा व्हावी आणि ठराव इतिवृत्तात लिहिलेले असावेत, हीही अट आहे. इतिवृत्ताचे रजिस्टर कोरे म्हणून अडकलेल्या युनियन काही कमी नाहीत. अर्ज शक्यतो तीन-चार महिन्यांत निकाली काढावा असे कायदा सांगतो. 'शक्यतो' या शब्दात काय काय मावते, हे पेशीला गेलेल्याला सांगायला नको.

मोजणीचे काम बहुधा तपासणी अधिकाऱ्याकडे जाते. तो पावतीपुस्तके, सभासद नोंदवही, बँकेचा भरणा आणि मस्टर एकमेकांशी ताडून पाहतो. एकाच माणसाची सही दोन्ही युनियनच्या पावत्यांवर असेल तर त्याला बोलावून विचारतो. अधिकारी कंपनीच्या ऑफिसात खुर्ची टाकून बसतो आणि मॅनेजर दाराशी घुटमळत असतो. समोरचा माणूस पाच किलोमीटरवरच्या खेड्यातून सायकलने आलेला, त्याचा भाऊ त्याच ठेकेदाराकडे. अशा वेळी "कोणत्या युनियनचे?" या प्रश्नाला खरे उत्तर येईल असे धरणे भाबडेपणाचे आहे. म्हणून चौकशी कंपनीच्या आवाराबाहेर व्हावी, असा अर्ज आधीच लेखी द्या. तो नाकारला तरी कागदावर राहतो, आणि पुढे हायकोर्टात दाखवता येतो.

अहवाल आल्यावर त्याची प्रत मागा. हरकती नावानिशी लिहा : "पावती क्रमांक अमुक, हा कामगार त्या महिन्यात मस्टरवर नाही." "अहवाल पक्षपाती आहे" एवढे लिहून काही साधत नाही. अधिकाऱ्याची उलटतपासणी हवी असेल तर तसा अर्ज टाका. इथे गप्प बसलेल्या युनियनला हायकोर्टात पहिला प्रश्न हाच येतो, की ही हरकत खाली घेतली होती का?

इतका घोळ टाळून सरळ गुप्त मतदान का घेत नाहीत, असे कोणालाही वाटेल. दोन्ही युनियन आणि मालक तयार असले तरी या कायद्याखाली तसे करता येत नाही. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये हे स्पष्ट केले. कायद्याने सभासदसंख्या पडताळायची रीत घालून दिली आहे. पक्षकारांच्या संमतीने ती बाजूला ठेवून मतपेटीवर मान्यता देता येणार नाही. निकाल कायद्याच्या शब्दांना धरून आहे. पण धाकाखाली दिलेली वर्गणी आणि पडद्याआड दिलेले मत यांत खरी पसंती कशात दिसते, हा प्रश्न त्याने सुटत नाही. आपल्या भागात तर तो जास्तच टोचतो. व्यवहारात मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. सर्वांच्या संमतीने मतदान घेऊन मिळालेले प्रमाणपत्र पुढे कोणीही हायकोर्टात रिट याचिका टाकून पाडू शकतो.

औद्योगिक न्यायालयाच्या मान्यतेच्या निकालावर अपील नाही. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाला कलम ६० ने दार बंद केले आहे. म्हणून उरते राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ (हायकोर्टाचा रिट काढण्याचा अधिकार) आणि २२७ (खालच्या न्यायालयांवरची देखरेख) खालची रिट याचिका. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी ती मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाखल होते आणि सहसा एकल न्यायमूर्तींपुढे चालते.

तिथे काय चालते आणि काय नाही, हे सय्यद याकूब विरुद्ध राधाकृष्णन या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या निकालापासून ठरत आले आहे. खालच्या न्यायालयाने अधिकार नसताना निकाल दिला, अधिकार असून वापरला नाही, नैसर्गिक न्याय पाळला नाही, किंवा निकालाच्या कागदावरच दिसणारी कायद्याची चूक केली, तर हायकोर्ट हात घालते. वस्तुस्थितीचा निष्कर्ष चुकीचा वाटला म्हणून घालत नाही. तो निष्कर्ष मुळीच पुराव्याशिवाय असेल, महत्त्वाचा पुरावा पाहिलाच नसेल, किंवा कोणताही शहाणा माणूस तिथे पोहोचला नसता इतका विपरीत असेल, तरच.

मघाच्याच प्लांटवर हे लावून पाहा. अर्ज डिसेंबरातला, पण न्यायालयाने जुलै ते डिसेंबर मोजले : कागदावरच दिसणारी चूक, याचिका मजबूत. अहवालाची प्रत न देता त्याच अहवालावर निकाल दिला : नैसर्गिक न्यायाचा भंग, याचिका मजबूत. ठेकेदाराचे ७० कामगार धरले की वगळले, याबद्दल निकालात एक ओळही नाही : बरीच आशा आहे. चाळीस कामगारांनी "सही आमची नाही" असे सांगितले, न्यायालयाने त्यांतल्या तिसांवर विश्वास ठेवला आणि दहांवर नाही, कारणेही लिहिली : इथे नागपूरच्या गाडीभाड्याचेही पैसे वाया जातील. आणि आकड्यात चूक आहे, पण ती दुरुस्त केली तरी विरोधी युनियनच पुढे राहते, तर हायकोर्ट म्हणेल, मग फरक काय पडला?

जिंकलात तरी प्रमाणपत्र हायकोर्टातून क्वचितच हाती येते. निकाल रद्द होतो आणि प्रकरण परत औद्योगिक न्यायालयाकडे जाते. बहुधा नव्या चौकशीचा आदेश आणि काही मुदत असते. कार्यकर्त्यांना हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर गुलाल उधळून झाल्यावर पंधरा दिवसांनी "अजून काहीच झाले नाही" अशी कुरबुर सुरू होते.

निकाल लागला त्याच दिवशी नक्कलेचा अर्ज टाका. रिटला ठरावीक मुदत नाही, पण कारण न सांगता महिनोन्‌महिने बसून राहिलात तर विलंबावरच याचिका जाते. नकलेसोबत मूळ अर्ज, सर्व उत्तरे, तपासणी अहवाल, त्यावरच्या हरकती, साक्षी आणि अंतरिम अर्जांवरचे आदेश लागतात. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करावे लागले तर त्यात आठवडे जातात. पक्षकारांत मालक, विरोधी युनियन आणि खालच्या अर्जात उभे राहिलेले कामगार हे सगळे घ्या. एखादा सुटला की सुनावणी तिथेच थांबते. निकाल तुमच्या बाजूने असेल तर लगेच कॅव्हिएट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा आगाऊ अर्ज) टाका, म्हणजे तुम्हाला न ऐकता स्थगिती मिळणार नाही. ते ९० दिवस चालते, नंतर नवे टाकावे लागते.

खरी लढाई स्थगितीचीच असते. मान्यताप्राप्त युनियनला वाटाघाटीचा आणि औद्योगिक विवादात कामगारांच्या वतीने उभे राहण्याचा एकटीला हक्क मिळतो. बडतर्फी, कपात, निलंबन अशा वैयक्तिक प्रकरणांत मात्र कामगार आपली वाट धरू शकतो. हा एकहाती हक्क बामर लॉरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला आहे. याचा अर्थ असा, की स्थगिती नसेल तर याचिका पडून असताना ती युनियन तीन-चार वर्षांचा पगारवाढीचा करार करून मोकळी होते. म्हणून स्थगितीच्या अर्जात "आमच्यावर अन्याय झाला" एवढे पुरत नाही. मागणीपत्र कधी दिले, जुना करार कधी संपतो, बोलणी कुठवर आली, या तारखा घाला. सरसकट स्थगिती मिळाली नाही तर 'नवा करार झाल्यास तो याचिकेच्या निकालाच्या अधीन राहील' एवढे तरी मागा. ते मिळण्याची शक्यता जास्त असते.

एकल न्यायमूर्तींनी याचिका फेटाळली, तर आदेश २२६ खालचा असेल तरच दोन न्यायमूर्तींपुढे अपील होते. २२७ खालचा असेल तर होत नाही. म्हणून याचिकेत दोन्ही अनुच्छेद नुसते छापून ठेवू नका. कोणता मुद्दा कशाखाली येतो हे मजकुरातही दिसले पाहिजे.

मतपेटीवर मान्यता ठरते अशाही जागा आहेत. रेल्वेत डिसेंबर २०२४ मध्ये गुप्त मतदान झाले. तिथे एकूण मतदारांच्या ३० टक्के किंवा झालेल्या मतदानाच्या ३५ टक्के मते मिळाली की मान्यता मिळते. अन्न महामंडळाच्या प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मतदानाची रीतही घालून दिली. अशा मतदानाच्या मध्येच न्यायालय सहसा शिरत नाही. मतदारयादीची हरकत यादी लागल्याबरोबर घ्यावी लागते, निकालानंतर नाही. आणि चूक निकाल बदलण्याइतकी मोठी असावी लागते. चाळीस मतांनी हरलेल्याने बारा बोगस मते सिद्ध केली, तरी उरलेल्या अठ्ठावीसचे उत्तर त्याला द्यावेच लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि हिशोब बदलला. तिच्या कलम १४ प्रमाणे मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करते. तशी कोणीच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्यांची वाटाघाटी परिषद बनते. आपल्या २४० च्या प्लांटमध्ये तीन युनियनचे अनुक्रमे ११०, ९० आणि ४० सभासद असतील, तर १९७१ च्या कायद्याने ११० वाली एकटी बोलते. संहितेने कोणाकडेच १२३ नाहीत, म्हणून पहिल्या दोघींची परिषद बनते. तिसरी ४८ ला पोहोचत नाही म्हणून बाहेर. संहितेच्या रद्द करण्याच्या कलमात तीन केंद्रीय कायदे आहेत, महाराष्ट्राचा १९७१ चा त्यात नाही. केंद्र आणि राज्याच्या कायद्यांत विसंगती असेल तर कोणता टिकतो, हे घटनेच्या अनुच्छेद २५४ ने ठरते. त्यामुळे आज अर्ज टाकताना कोणत्या कायद्याखाली टाकायचा, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न झाला आहे, आणि मालकाच्या उत्तरातला पहिला मुद्दाही.

शेवटी एक हिशोब, जो याचिकेच्या घाईत राहून जातो. रिटमध्ये वाद अर्जाआधीच्या त्या सहा महिन्यांचाच राहतो. दोन वर्षांत माणसे तुमच्याकडे आली असतील, तर ती त्या याचिकेत दाखवून उपयोग नाही. त्यासाठी १९७१ च्या कायद्याचे कलम १४ आहे. मान्यता मिळाल्याला दोन वर्षे झाली की जास्त सभासद असलेली दुसरी युनियन तिच्या जागी अर्ज करू शकते. तोच अर्ज एकदा फेटाळला गेला तर पुढच्यासाठी एक वर्ष थांबावे लागते. तेव्हा याचिकेची फाइल उघडतानाच प्रतिस्पर्ध्याच्या प्रमाणपत्राची तारीख पाहून घ्या. चौदा महिने होऊन गेले असतील, तर पुढच्या पगारापासून पावतीपुस्तक हातात धरायला चार महिने आहेत. त्यानंतरचे सहा महिने पक्के भरले, की दोन वर्षांच्या आकड्याशी ते बरोबर येऊन मिळतात.